पायरीवरचा दिवा

दिव्याखालीं अंधार असतो, ही म्हण ज्या दिव्यावरून निघाली तो तेलाचा दिवा आतां बहुतेक देवघरापुरताच उरला आहे. विजेचा दिवा छताला उलटा टांगतां येतो आणि त्याच्या खालींच सर्वांत अधिक उजेड पडतो. तेव्हां म्हणीचा अर्थ शिल्लक राहिला, पण तिचा दाखला मात्र नाहींसा झाला, असें कोणासहि वाटेल. परंतु दाखला नाहींसा झालेला नाहीं. तो घरांतून उठून रस्त्यावर जाऊन बसला आहे. ज्याला तो पाहावयाचा असेल त्यानें अमावास्येच्या आसपास एखाद्या उंच मोटारीच्या दाराशीं उभें राहावें. गाडीचे पुढचे दिवे शंभर पावलांवरच्या बाभळीचा कांटा न् कांटा दाखवीत असतात; आणि ज्या पायरीवर पाय ठेवून आपणांस खालीं उतरावयाचें ती पायरी, आणि तिच्याखालची हातभर जमीन, हीं दोन्हीं काळोखांत बुडालेलीं असतात. दूरचें सारें लख्ख, आणि पायापाशींचें मात्र चाचपून पाहावयाचें, अशी ही गंमत आहे.

या हातभर काळोखाचा विचार मी गेलें वर्षभर करीत आहें. विषय लहान आहे हें मला ठाऊक आहे. ज्या पानांवर काव्याच्या आत्म्याची आणि कादंबरीच्या भवितव्याची चर्चा चालते तेथें मोटारीच्या पायरीखालीं लावलेल्या दिव्यांच्या पट्टीनें शिरकाव करावा, हा कांहींना औचित्यभंग वाटेल. पण माणसें पडतात तीं कड्यावरून क्वचित्. पायरीवरूनच बहुधा पडतात. आणि पडण्याच्या भीतीनें जीं घरीं बसून राहतात तीं तर कोणाच्या मोजणींतच येत नाहींत.

आमचें नाशिक देवळांसाठीं आणि द्राक्षांसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु आडवाटेनें जाणाऱ्या मोटारींचेंहि तें एक माहेर आहे, ही गोष्ट बाहेरच्या लोकांना तितकीशी माहीत नसते. महिंद्रांच्या येथील कारखान्यांतून बोलेरो निघाली, २००२ सालीं स्कॉर्पिओ निघाली, आणि राजस्थानच्या वाळवंटाचें नांव धारण करणारी थारहि येथूनच बाहेर पडली. या सर्व कुळाची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतली जीप. १९४५ सालीं ‘महिंद्र अँड महंमद’ या नांवानें सुरू झालेली कंपनी १९४८ सालीं ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली, आणि विलिस जीपचे सुटे भाग आणून येथें गाडी जोडण्याचें काम तिनें त्याच सुमारास हातीं घेतलें. त्या मूळ जीपला पायरीची गरज नव्हती. तिची बाजू मुळांतच खालीं कापलेली. शिपायानें एक पाय आंत टाकावा आणि बसावें, एवढाच तिचा शिष्टाचार. पुढें जीपला दारें आलीं, छप्पर आलें, गादी आली. आणि खडक, चिखल, ओढे ओलांडावयाचे म्हणून उंचीहि वाढत गेली. २०२० च्या ऑक्टोबरांत नव्या रूपानें आलेल्या थारच्या पोटाखालीं २२६ मिलिमीटर मोकळी जागा आहे, आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यांतून ती जाऊं शकते, असें तिचें मापपत्रक सांगतें. ही उंची म्हणजे या जातीच्या गाड्यांचा दोष नव्हे. तोच त्यांचा धर्म आहे. उंटाला कोणी बुटका हो म्हणत नाहीं.

मात्र उंटाला बसवितां येतें, मोटारीला बसवितां येत नाहीं. म्हणून तिच्या दोन्हीं बाजूंना खालून एकेक जाड दांडी किंवा फळी लावतात. बाजारांत तिला साइड स्टेप म्हणतात. आमच्या घरीं माझ्या कन्येनें जी गाडी घेतली आहे ती याच कुळांतली. एका रविवारीं मीं सहज टेप घेऊन मापें घेतलीं. आमच्या घरच्या जिन्याची पायरी सात इंचांची आहे. गाडीची ही पायरी जमिनीपासून सुमारें सोळा इंच, आणि तेथून गाडीचा तळ आणखी नऊ इंच. म्हणजे जिन्याच्या साडेतीन पायऱ्यांचा चढ माणसानें दोन ढांगांत चढावयाचा, आणि उतरतांना तो दोन ढांगांतच उतरावयाचा. तरुण माणसाला हें मोजण्याचें कारण पडत नाहीं. पायऱ्या मोजण्याची संवय वयाबरोबर लागते.

वाहनावर चढण्याउतरण्याची अडचण वाहनाइतकीच जुनी आहे. घोड्याला रिकीब आली, टांग्याला पायदान आलें, आगगाडीच्या डब्याला लोखंडी पायऱ्या आल्या. एके काळीं जुन्या नाशकापासून नाशिकरोडच्या स्टेशनापर्यंत ट्राम धांवत असे आणि आरंभीं ती घोडे ओढीत असत. तिलाहि पायदान असणारच. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस. टी. सुटली, तेव्हांपासून महाराष्ट्रांतल्या किती गुडघ्यांनीं एस. टी.च्या पहिल्या पायरीपुढें देवाचें नांव घेतलें असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाहीं. पायरीचा विचार सर्वांनीं केला. पायरीच्या उजेडाचा फार थोड्यांनीं. टांग्याच्या बाजूला लावलेला तेलाचा दिवा रस्ता फारसा दाखवीत नसे, पण त्याच्या मिणमिणत्या उजेडांत पायदान तेवढें दिसे. दिवे जसजसे प्रखर झाले तसतसे ते पुढें सरकले, आणि पायदान मागें काळोखांत राहिलें.

आणि नवल असें कीं पायरीवर दिवा ठेवण्याची कल्पना आपणांस मुळींच नवी नाहीं. जुन्या वाड्यांत जिन्याच्या वळणावर भिंतींत एक देवळी असे. तिच्यांत देव नसे, पणती असे. आणि ती बरोबर अशा उंचीवर असे कीं तिचा उजेड चढणाराच्या तोंडावर न येतां पायऱ्यांच्या कडांवर पडावा. दिवाळींत आपण पणत्या लावतों त्या उंबरठ्याशीं, ओट्याच्या कडेला, पायऱ्यांच्या दोन्हीं टोंकांना. त्रिपुरी पौर्णिमेला गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्यांवर दिवे लागतात तेव्हां ती शोभा पाहावयाला सारें गांव लोटतें. परंतु शोभेच्याहि आधीं त्या दिव्यांनीं एक साधें काम केलेलें असतें. पाणी कोठें सुरू होतें आणि दगड कोठें संपतो, हें त्यांनीं सांगितलेलें असतें. आपल्या पूर्वजांना प्रकाश दुर्मीळ होता, म्हणून तो कोठें ठेवावा याचा त्यांनीं विचार केला. आपल्याला तो मुबलक मिळाला, आणि विचाराची गरज संपली असें आपण मानलें.

हें सारें मला सुचलें तें माझ्या आत्यामुळें. तिच्या वयाला ८० वर्षें उलटून गेलीं आहेत. १९६४ सालीं ती पेठ तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाली, आणि जन्मभर डोंगरांतल्या मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवून निवृत्त झाली. लवकर वैधव्य आलें, मूल झालें नाहीं. तेव्हां आमच्या घरीं ती आली ती पाहुणी म्हणून नव्हे, मालकीण म्हणूनच आली. तिच्या गरजा थोड्या. पण दोन गोष्टी ती सोडीत नसे. एक, मे महिन्यांत गोदाघाटावर भरणारी वसंत व्याख्यानमाला. आणि दुसरी, कोजागिरीच्या आसपास वणीच्या सप्तशृंगीचें दर्शन.

दोन वर्षांपूर्वीं या दोन्हीं गोष्टी हळूहळू सुटल्या. “आजचा विषय कांहीं माझ्या कामाचा नाहीं,” असें ती एके दिवशीं म्हणाली. दुसऱ्या दिवशीं वक्ता फार मोठ्यानें बोलतो ही तक्रार निघाली, तिसऱ्या दिवशीं डांस चावतात ही. गडावर जाण्याचा विषय निघाला तेव्हां देवी घरींहि आहे, असें तिनें सांगितलें. बाई धार्मिक असली तरी या जातीचें तत्त्वज्ञान सांगणाऱ्यांतली नव्हे. म्हणून मला जरा आश्चर्य वाटलें. तिची प्रकृति बरी होती. कान शाबूत होते. डोळ्यांचीं शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि वर्तमानपत्र ती चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचीत होती.

खरें कारण माझ्या कन्येनें काढून घेतलें. मुली अशा गोष्टी सरळ विचारतात. “आत्याआजी, तुला गाडींतून उतरायची भीति वाटते का ग?” म्हातारी कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “चढतांना नाहीं वाटत. चढतांना पायरी डोळ्यांपुढें असते. उतरतांना ती माझ्या निऱ्यांखालीं असते. एका हातानें निऱ्या धरायच्या, एका हातानें दार, आणि पायानें अंधारांत जमीन शोधायची. माझा पाय आतां तितका हुशार राहिला नाहीं.”

“मग बाबा हात देतील कीं!”

“तो देतोच. पण चार लोकांसमोर मला पोत्यासारखें उतरवून घेतात तें मला आवडत नाहीं. मला हात नको ग, उजेड दे.”

हें वाक्य मीं शेजारच्या खोलींतून ऐकलें. शेक्सपिअरच्या राजांचीं राज्यें जातांना काय होतें हें मी वर्गांत अनेक वर्षें समजावून सांगत आलों आहें. आमच्या घरांतलें एक राज्य सोळा इंचांच्या पायरीशीं संपत आलें होतें. वृद्ध माणसांचें जग एकदम लहान होत नाहीं. आधीं रात्र जाते, मग परगांव जातें, मग गल्लीचें टोंक जातें. आणि प्रत्येक वेळीं जाणाऱ्या गोष्टीला एक सभ्य कारण देण्यांत येतें. विषय कामाचा नाहीं. डांस चावतात. देवी घरींहि आहे.

आत्याच्या तोंडून त्या दिवशीं कंदिलाचीहि गोष्ट निघाली. पेठकडच्या पाड्यांवर ती पालकांच्या सभांना रात्रीं जाई तेव्हां हातांत कंदील असे. पुढें विजेरी आली, तरी चढउताराच्या वाटेवर ती कंदीलच नेई. कारण विजेरी दूरचें दाखविते आणि पायाशीं अंधार अधिक गडद करते. कंदील गुडघ्याशीं झुलतो आणि फक्त पुढचें पाऊल दाखवितो. “पुढच्या पाउलापलीकडचें पाहून करायचें काय? वाट पाठच होती,” असें ती म्हणाली. या बाईनें प्रकाशशास्त्राचें पुस्तक उघडलेलें नाहीं. पण मोटारीच्या दिव्यांत काय उणें आहे तें तिनें मला एका वाक्यांत शिकविलें.

त्याच आठवड्यांत आम्ही बापलेक द्वारकेच्या बाजूला मोटारींचें विजेचें काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलों. पायरीला दिवे लावावयाचे आहेत म्हणतांच त्यानें जो खजिना उघडला तो पाहून मी थक्क झालों. निळे दिवे होते, जांभळे होते, दर क्षणाला रंग पालटणारे होते, गाण्याच्या ठेक्यावर नाचणारे होते. दार उघडतांच जमिनीवर गाडीचें बोधचिन्ह उमटविणारेहि होते. “सर, हा लावा. रात्रीं गाडी हवेंत तरंगल्यासारखी दिसते,” असें त्यानें एका निळ्या पट्टीविषयीं सांगितलें. मीं म्हटलें, “गाडी तरंगायला नको, माझी आत्या जमिनीवर उतरली पाहिजे.” तो मनमोकळा हंसला, आणि तेथून पुढें त्याचें बोलणें निराळेंच झालें. कारागिराला आपलें गिऱ्हाईक शोभेसाठीं आलें आहे कीं कामासाठीं, एवढें कळलें कीं तो विक्रेता राहत नाहीं, गुरु होतो.

त्यानें प्रथम गाडीचें दार उघडून मला उभें केलें. गाडीच्या छतांतला दिवा लागला. “आतां उतरतों असें करा आणि खालीं पाहा.” मीं पाहिलें, पायरीवर माझीच सावली पडली होती. आंतला दिवा आपल्या पाठीमागें असतो, म्हणून तो सारी गाडी उजळतो आणि पाय जेथें पडावयाचा नेमकी तेवढीच जागा आपल्या देहानें झांकून टाकतो. तेव्हां दिवा हवा तो देहाच्या खालीं. गाडीच्या कडेच्या पोटांत, खालीं तोंड करून, असा कीं पट्टी स्वतः दिसूं नये आणि पायरी व जमीन दिसावी. तो उघडा डोळ्यांवर आला तर काम बिघडतें. म्हाताऱ्या डोळ्याची बाहुली अंधारांतहि पुरती मोठी होत नाहीं, आणि काळोखाला सरावलेली नजर एका झगझगीत ठिपक्यानें क्षणांत दिपते. ती पुन्हां पुरती सरावायला वीस-तीस मिनिटें लागतात. म्हणून निळसर पांढऱ्या उजेडापेक्षां पिंवळसर मंद उजेड बरा. पायरीच्या कडेला पिंवळी खरखरीत पट्टी चिकटवावी, म्हणजे कड कोठें संपते तें कळतें आणि पावसांत पायहि घसरत नाहीं. आमच्या वाड्यांतली देवळी बांधणाऱ्या गवंड्याला याहून निराळें काय ठाऊक होतें?

आंतली रचनाहि मीं समजून घेतली. दाराच्या चौकटींत एक खटका असतो. दार उघडलें कीं मंडल पुरें होतें आणि दिवा लागतो. नवा दिवा त्याच इशाऱ्यावर चालवावयाचा, पण त्याचा भार मात्र त्या नाजूक तारेवर टाकावयाचा नाहीं. इशारा एका रिलेला द्यावयाचा आणि वीज निराळ्या फ्यूजमधून घ्यावयाची. “मूळची वायर कापायची नाहीं, सर, कपलर लावूं. उद्यां काढायचें म्हटलें तर गाडी होती तशी झाली पाहिजे.” पट्टी बारा व्होल्टांची. तिच्यांत तीन-तीन दिव्यांची एकेक ओळ असते. प्रत्येक दिवा सुमारें तीन व्होल्ट घेतो आणि उरलेला दाब एका चिमुकल्या रेझिस्टरवर खर्च होतो. म्हणून पट्टी वाटेल तेथें कापतां येत नाहीं. तीन दिव्यांच्या खुणेवरच कापावी लागते. इंजिन चालू असतांना गाडीचा दाब चौदा व्होल्टांवर चढतो, त्याला आळा घालणारी एक डबी मध्यें हवी. आणि ही जागा चाकांच्या चिखलाची, दगडांची, धुण्याच्या फवाऱ्याची. तेव्हां पट्टी आयपी सदुसष्ट या प्रतीची पाहिजे. त्यांतला सहाचा आंकडा म्हणजे धुळीला पूर्ण बंदी, आणि साताचा आंकडा म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडाली तरी आंत पाणी शिरूं नये.

एवढासा हा दिवा. पण त्याच्या मागें केवढा खटाटोप आहे! यांत तापून लाल होणारी तार नाहीं. दोन जातींच्या अर्धवाहकांच्या सांध्यावरून वीज जातांना प्रकाशच बाहेर पडतो. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं डोळ्यांना दिसणारा तांबडा उजेड अशा दिव्यांतून काढला. मग निळा उजेड मिळविण्यास जवळजवळ तीस वर्षें लागलीं. आणि तो मिळविल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्याचें एवढें माहात्म्य कां? कारण ज्याला आपण पांढरा दिवा म्हणतों तो मुळांत बहुधा निळाच असतो. त्याच्यावरच्या पिंवळ्या लेपनांतून पिंवळा उजेड उमटतो आणि दोहोंच्या मिश्रणाला आपला डोळा पांढरें म्हणतो. जगांतल्या तीन बुद्धिमान् माणसांचें आयुष्य ज्या शोधांत गेलें तो शोध द्वारकेच्या दुकानांत मीटरवर विकला जातो, आणि त्याचा उपयोग गाडी तरंगल्यासारखी दिसावी म्हणून होतो, याचें मला थोडें वाईट वाटलें. पण तोच शोध एका निवृत्त शिक्षिकेच्या पायांशींहि पडूं शकतो, हें आठवून समाधानहि झालें.

कायद्याचा प्रश्न मीं विचारला तो प्राध्यापकी संवयीनें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं नोंदणीच्या पुस्तकांतला तपशील उत्पादकानें मूळ ठरविलेल्या तपशिलापासून भिन्न होईल असा बदल मालकानें करूं नये. आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि या कलमाचा अर्थ कडकपणें लाविला. पुढें तांबडा आणि, मागें हटण्याचा दिवा सोडून, मागें पांढरा उजेड दिसूं नये हा रस्त्याचा जुना दंडकहि आहेच. कारागिरानें आपल्या परीनें त्याचें सार सांगितलें: “गाडी उभी असतांना, दार उघडल्यावर, खालीं पडणारा उजेड, दार लावलें कीं बंद. चालत्या गाडीला चमकवणारा दिवा मी लावून देत नाहीं.” मला हें केवळ कायद्याचें नव्हे, सुसंस्कृतपणाचेंहि सूत्र वाटलें. जो दिवा गरजेच्या वेळीं लागतो आणि गरज सरतांच विझतो त्याचा कोणाला उपद्रव होत नाहीं. उपद्रव होतो तो सारा वेळ स्वतःकडे पाहावयास लावणाऱ्या दिव्यांचा.

त्यानंतरच्या मे महिन्यांत आत्या व्याख्यानमालेला गेली. विषय तिच्या कामाचा होता कीं नाहीं तें मीं विचारलें नाहीं. रात्रीं परत आलों तेव्हां कन्येनें गाडी फाटकाशीं उभी केली. दार उघडलें; पायरी आणि खालची फरशी अशा उजळल्या कीं जणूं कोणी तेथें पिंवळी सतरंजी अंथरली. आत्यानें निऱ्या धरल्या, खालीं पाहिलें, एक पाय पायरीवर, दुसरा जमिनीवर. आणि कोणाकडे न पाहतां ती घरांत चालती झाली. आम्हीहि त्याविषयीं कांहीं बोललों नाहीं. बोललों असतों तर ती पुन्हां पाहुणी झाली असती.

पण गोष्ट येथें संपत नाहीं, आणि ती येथें संपविली तर खोटी होईल. कोजागिरीच्या दिवशीं आम्ही पहाटे दिंडोरीवरून वणीकडे निघालों. नांदुरीपासून गडाचा घाट चढतांना धुकें होतें. २०१८ पासून गडावर पायऱ्यांच्या जोडीला रुळांवरून चढणारी ट्रॉली झाली आहे, त्यामुळें वरच्या शेंकडों पायऱ्यांची चिंता नव्हती. चिंता होती ती फक्त आमच्या या एका पायरीची. गाडी थांबली ती जागा उतरणीची निघाली, आणि रात्रीच्या पावसानें माती निसरडी झाली होती. दार उघडलें, दिवा लागला. आत्यानें पायरीवर पाय ठेवला, वांकून त्या उजेडांत खालची माती नीट न्याहाळली, आणि मग माझ्याकडे वळून हात पुढें केला. “येथें हात दे,” ती म्हणाली. मीं तो दिला. ती उतरली, आणि सपाट जमीन लागतांच तिनें तो सोडला.

तेव्हां मला त्या दिव्याचें खरें काम समजलें. मी समजत होतों कीं दिवा हा हाताच्या ऐवजीं आहे. तो तसा नव्हता. अंधारांत तिला प्रत्येक पायरीला हात लागत होता, कारण कोणती पायरी आपल्या आवांक्यांतली आणि कोणती नाहीं हें ठरविण्याचें साधनच तिच्यापाशीं नव्हतें. उजेडानें तिला बळ दिलें नाहीं. गुडघे होते तेवढेच राहिले. उजेडानें तिला निवड दिली. फाटकाशीं हात नको, गडावर हवा, हें आतां ती ठरवूं लागली. मदत घेणें आणि मदतीच्या स्वाधीन होणें यांत जें अंतर आहे तें त्या मंद पिंवळ्या पट्टीच्या लांबीएवढें आहे, असें मला वाटतें.

माझ्या वर्गांत पेठ-सुरगाण्याकडचीं मुलें येतात. कदाचित् त्यांतल्या कांहींच्या आजोबांना आत्यानेंच बाराखडी शिकविली असेल. त्यांच्यापुढें आम्ही फार प्रखर दिवे लावलेले असतात. जगांतलें उत्तमोत्तम वाङ्मय, दूरच्या देशांतलीं विद्यापीठें, मोठमोठ्या पदव्या. सारें शंभर पावलांवरचें लख्ख दिसतें. पण त्यांतला एखादा हुशार मुलगा दुसऱ्या वर्षीं येईनासा होतो तो या दूरच्या गोष्टींना भिऊन नव्हे. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठें भरावा, वसतिगृहांत जागा कशी मागावी, इंग्रजींत विचारलेल्या साध्या प्रश्नाला काय म्हणावें, ही पहिली पायरी त्याला दिसत नाहीं. आणि विचारण्याची लाज वाटते. मग तोहि सभ्य कारण देतो. घरीं शेतीचें काम आहे. तब्येत बरी नाहीं. अशा मुलाला हात देण्यास पुष्कळ लोक तयार असतात, आणि त्यांच्या चांगुलपणाविषयीं मला शंका नाहीं. पण हात देणाराला वरून खालीं वांकावें लागतें, आणि घेणाराला तें वांकणें दिसत असतें. दिवा मुळांतच खालीं असतो.

म्हणून हल्लीं नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी वाङ्मयाची थोरवी सांगत नाहीं. अर्ज कोणत्या खिडकींत मिळतो, ग्रंथालयांतून पुस्तक कसें काढावें, माझ्या खोलीचें दार किती वाजतां उघडें असतें, एवढेंच सांगतों. मुलें जरा निराश होतात. प्राध्यापकाकडून त्यांनीं मोठ्या उजेडाची अपेक्षा केलेली असते. पण परवां तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी तशीच थांबली, आणि वही छातीशीं धरून तिनें विचारलें, “सर, ती खिडकी नक्की कोणत्या मजल्यावर?”